आठ तासांची रेघ

१९९३ सालचा मे महिना. हापूसचा हंगाम संपत आला होता आणि राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या जुन्या झाडावर शेवटचे आंबे राहिले होते. सकाळी दहाच्या सुमाराला दादा झेल्यासकट खाली आला. आवाज ऐकून मी धावलो. तो शुद्धीवर होता. रक्त फारसं नव्हतं. “माझे पाय कुठायत रे?” एवढंच त्यानं विचारलं. पाय तिथेच होते, जांभ्याच्या गडग्याला टेकलेले.

आधी शेजारच्या वाडीतल्या हाडवैद्याला बोलावलं. तो येऊन, पाहून, मान हलवून जाईपर्यंत अडीच तास गेले. मग जीप मिळाली. चौघांनी दादाला हातापायांना धरून उचललं आणि दोघांच्या मधे बसवलं. घाट चढून शहरातल्या रुग्णालयात पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. तरुण डॉक्टरांनी पायांना टाचणी लावून पाहिली, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “आठ तासांच्या आत आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं. आता उपयोग नाही.”

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. दहा तासांतून हाडवैद्याचे अडीच वजा केले की साडेसात उरतात. ही वजाबाकी मी पुढे किती रात्री केली असेल, त्याला गणती नाही. दादाचं वय तेव्हा एकतीस होतं. कमरेखालचं शरीर परत आलं नाही.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आलो. वर्गात चेतापेशीची आकृती फळ्यावर काढताना माझा हात एका जागी दरवर्षी थबकायचा. गावी गेलो की दादाही विचारायचा, “काय रे, औषध निघालं का?” त्याचा प्रश्न आणि माझी वजाबाकी, या दोन्हींसाठी मी गेली काही वर्षं जखमी चेतापेशी वाचवण्याच्या आणि पुन्हा वाढवण्याच्या औषधांचा इतिहास वाचत होतो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

१

या इतिहासाचं पहिलं पान फार जुनं आहे. एडविन स्मिथ पपायरस या नावानं ओळखली जाणारी इजिप्तमधली वैद्यकीय गुंडाळी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची आहे, आणि तीही आणखी जुन्या मजकुराची नक्कल मानली जाते. तीत ४८ जखमांची प्रकरणं क्रमानं दिली आहेत. मानेचा मणका निखळून हातपायांची जाणीव गेलेला माणूसही त्यात आहे. अनेक जखमांना लेखक उपचार सांगतो. इथे मात्र, हे दुखणं हाती घेण्याजोगं नाही, असा निर्वाळा देऊन तो थांबतो. पुढची साडेतीन हजार वर्षं वैद्यकाकडे याहून वेगळं सांगण्यासारखं फार काही नव्हतं.

शरीरातल्या सगळ्याच मज्जातंतूंची गोष्ट अशी नाही. १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानं बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू तोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशीपासून तुटलेला भाग विरघळत जातो, पेशीशी जोडलेला भाग शाबूत राहतो, हे त्याला दिसलं. हातापायांतले असे तंतू पुन्हा वाढूही शकतात. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगटाजवळ मज्जातंतू कापला गेला आणि नीट शिवला, तर काही महिन्यांनी बोटांत झिणझिण्या येऊ लागतात त्या यामुळेच. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यात मात्र असं घडत नाही. एकाच शरीरात हे दोन कायदे का, हा खरा प्रश्न.

तो सर्वांत खोलवर विचारला स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी. १९०६ चं नोबेल त्यांना कामिल्लो गोल्जींबरोबर विभागून मिळालं. मज्जातंतूंच्या ऱ्हासावर आणि पुनर्वाढीवर त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा ग्रंथ १९१३-१४ मध्ये निघाला. मज्जारज्जूतला तुटलेला तंतू आधी कोंब धरतो, थोडा पुढे सरकतो आणि मग थबकून सुकतो, हे त्यांनी तासन्‌तास पाहून चितारलं होतं. ग्रंथाच्या शेवटाकडे त्यांनी निष्कर्ष दिला की प्रौढ मेंदूत आणि मज्जारज्जूत गेलेलं पुन्हा उगवत नाही. हा निष्कर्ष पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांतून उतरत राहिला. मीही तो शिकवला. त्याला लागूनच त्यांनी लिहिलं होतं की हा कठोर कायदा जमल्यास बदलणं हे उद्याच्या विज्ञानाचं काम आहे. ते मात्र फारसं कुणी शिकवलं नाही. मीही नाही, कारण मूळ संदर्भ उघडून पाहण्याचे कष्ट मी पन्नाशीपर्यंत घेतले नव्हते.

काहाल यांच्याच प्रयोगशाळेत त्यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ मध्ये एक विलक्षण प्रयोग केला होता. सशाच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा त्यांनी सशाच्या मेंदूत बसवला, तर मेंदूतले तंतू त्या तुकड्यात शिरताना दिसले. म्हणजे वाढण्याची ताकद पेशीत होती. ही खूण हाती येऊनही पुढची सत्तर वर्षं जवळजवळ दुर्लक्षितच राहिली.

२

त्याच १९११ साली अमेरिकेत आल्फ्रेड रेजिनल्ड ॲलन या डॉक्टरनं कुत्र्यांवर प्रयोग करून वेगळीच गोष्ट दाखवली. ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन मज्जारज्जूवर पाडायचं आणि काय होतं ते पाहायचं. त्यानं काही प्राण्यांत साकळलेलं रक्त आणि मेलेला भाग चीर देऊन बाहेर येऊ दिला, तर ते प्राणी अधिक सुधारले. यावरून त्यानं तर्क केला की इजा दोनदा होते. पहिली आघाताच्या क्षणी होते, तिच्यावर इलाज नाही. दुसरी पुढच्या तासांत आणि दिवसांत होते. जखमेच्या जागी तयार होणारी द्रव्यं शेजारच्या जिवंत पेशींनाही मारत जातात. ॲलन पहिल्या महायुद्धात मारला गेला, पण त्याची ही कल्पना टिकली.

आज या दुसऱ्या इजेचा तपशील बराच कळला आहे. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे द्रव्य भसकन बाहेर पडतं. त्यानं शेजारच्या पेशी अतिउत्तेजित होतात आणि त्यांच्यात कॅल्शियम शिरतं. पेशींच्या पडद्यातली स्निग्ध द्रव्यं खराब होऊ लागतात, सूज येते, रक्तपुरवठा तुटतो. म्हणजे आघातानंतर काही तासांची एक खिडकी उघडी असते. त्या खिडकीतून औषध आत टाकलं, तर शेजारच्या पेशी वाचतील. ‘चेतारक्षण’ या सगळ्या विचाराचा पाया हा आहे.

खिडकीतून टाकायचं पहिलं मोठं औषध होतं मिथाइलप्रेडनिसोलोन, सूज उतरवणारं स्टेरॉइड. अमेरिकेत त्याच्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांचं नेतृत्व येल विद्यापीठाचे मायकेल ब्रॅकन यांनी केलं. पहिलीचा निकाल १९८४ मध्ये आला. तीत रोज १०० आणि रोज १,००० मिलिग्रॅम अशी तुलना होती. दोन्ही गटांत फरक दिसला नाही, जास्त डोसवाल्यांत जखमा पिकण्याचं प्रमाण मात्र वाढलं. दुसऱ्या चाचणीत डोस प्रचंड वाढवला. वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम एकदम, आणि मग २३ तास दर तासाला किलोमागे ५.४ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एका दिवसात नऊ ग्रॅमहून अधिक स्टेरॉइड.

दुसऱ्या चाचणीतले रुग्ण होते ४८७. निकाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापून येण्याआधीच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं देशभरातल्या डॉक्टरांना कळवून टाकला, इतकी उत्सुकता होती. इतिहासात प्रथमच मज्जारज्जूच्या इजेवर औषध निघालं होतं. उपचार आठ तासांच्या आत सुरू झाला तर फायदा, अशी बातमी होती. तीन वर्षांत ती सह्याद्री ओलांडून आमच्या त्या तरुण डॉक्टरांपर्यंत पोचली होती.

मूळ शोधनिबंध मी खूप उशिरा वाचला. तो वाचताना मला घाम फुटला, हे कबूल करतो. सगळे रुग्ण एकत्र धरले तर औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत लक्षणीय फरक नव्हताच. मग रुग्णांचे लवकर आणि उशिरा असे दोन भाग केले गेले, आणि आठ तासांच्या अलीकडच्या भागात फरक दिसला. तोही स्नायूंच्या ताकदीच्या मोजणीत सुमारे पाच गुणांचा. आठ तासांनंतर औषध मिळालेल्यांची प्रगती उलट कमीच होती. टीकाकारांनी पुढे नेमकं यावर बोट ठेवलं: आठच का? सहा का नाही, दहा का नाही? ही रेघ शरीरानं आखून दिलेली नव्हती, आकडे मांडताना आखली गेली होती. चाचणीतली माणसं अशी वेगवेगळ्या तुकड्यांत विभागून पाहिली की एखाद्या तुकड्यात फरक निव्वळ योगायोगानंही दिसू शकतो.

ब्रॅकन आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. १९९७ च्या तिसऱ्या चाचणीनंतरही वाद मिटला नाही. दरम्यान औषध जगभर दिलं जात होतं. कॅनडात मणक्याच्या शल्यविशारदांची पाहणी झाली, तेव्हा बहुतेकांनी सांगितलं की आपण ते गुणाच्या खात्रीनं देत नाही. सहकारी देतात म्हणून देतो, नाहीतर न दिल्यास कोर्टात खेचलं जाण्याची भीती असते म्हणून देतो. मग २००४ मध्ये डोक्याच्या इजेवरची ‘क्रॅश’ नावाची चाचणी आली. हेच स्टेरॉइड, १०,००८ रुग्ण. दोन आठवड्यांत औषध न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के आणि घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले. चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. डोक्याच्या इजेसाठी वर्षानुवर्षं विश्वासानं दिलेलं औषध माणसं मारत होतं, आणि मोठी चाचणी झाली नसती तर ते कळलंही नसतं.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-शल्यविशारदांच्या संघटनांनी मज्जारज्जूच्या इजेत हे स्टेरॉइड देऊ नये असं सांगितलं. २०१७ च्या दुसऱ्या एका मार्गदर्शिकेनं आठ तासांच्या आत चोवीस तासांपुरता एक पर्याय म्हणून त्याला जागा ठेवली. म्हणजे तज्ज्ञांत आजही एकमत नाही.

माझ्या वजाबाकीचा हिशेब मी असा लावला: साडेसात तासांत पोचलो असतो, तरी दादा चालला असता असं म्हणायला आधार नाही. त्या रात्री मी बरा झोपलो. पण याच वाचनात एक दुसरी गोष्ट सापडली, तिनं झोप पुन्हा नेली. मणका मोडलेल्या माणसाला हलवताना पाठ सरळ आणि स्थिर ठेवायची असते, नाहीतर मोडलेलं हाड रज्जूला आणखी कापू शकतं. आम्ही दादाला हातापायांना धरून उचललं होतं आणि घाटातल्या वळणांवर बसवून नेलं होतं. घरात सागवानी दार होतं. ते बिजागऱ्यांवरून काढून त्यावर त्याला निजवायला हवं होतं. घड्याळाचा दोष मी तीस वर्षं वाहिला, आणि दाराचा विचार एकदाही मनात आला नाही.

३

स्टेरॉइडच्या मागोमाग इतर औषधं आली. गँग्लिओसाइड जीएम-१ या द्रव्याची चाचणी १९९१ मध्ये ३७ रुग्णांवर झाली आणि निकालानं आशा फुलवल्या. साडेसातशेहून अधिक रुग्णांवरची मोठी चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मुख्य कसोटीवर फरक उरला नव्हता. अर्धांगवायूत मेंदू वाचवू पाहणाऱ्या एनएक्सवाय-०५९ या औषधाचंही तेच झालं. २००६ च्या पहिल्या चाचणीत थोडा गुण, पुढच्या वर्षीच्या मोठ्या चाचणीत शून्य. २००६ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजदाद केली. अर्धांगवायूवर तोवर १,०२६ उपचार प्रयोगशाळांत तपासले गेले होते, त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोचले होते. मेंदूतल्या पेशींना थेट जपणारं म्हणून रुजलेलं त्यांत एकही नव्हतं. उपयोगी ठरलं ते १९९५ मध्ये सिद्ध झालेलं, रक्ताची गुठळी विरघळवून रक्तपुरवठा पुन्हा सुरू करणारं औषध.

आपल्याकडे अर्धांगवायूच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर सिटिकोलीन हे नाव अनेकांनी पाहिलं असेल. २०१२ मध्ये २,२९८ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. औषध तरीही खपतं. ‘नसांची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या गोळीत बहुधा बी-१२ जीवनसत्त्व असतं. रक्तात त्याची कमतरता असेल तर ती गोळी खरोखर मज्जातंतू वाचवते. कमतरता नसेल तर तुटलेल्या रज्जूवर तिचा इलाज नाही. दादानं ती सहा वर्षं घेतली.

मग औषधानं मज्जातंतू वाचवणं कुठे साधलंच नाही का? साधलं आहे, आणि ते आपल्या दारातच. कुष्ठरोगात जंतू हातापायांतल्या मज्जातंतूंत घर करतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उसळली की तंतू आतून सुजतो, कोपराजवळ दोरीसारखा जाड लागतो आणि बोटं बधिर होऊन वाकतात. अशा वेळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड काही महिने दिलं, आणि बधिरपणा येऊन सहा महिने उलटलेले नसले, तर अनेकांची संवेदना परत येते. जंतू मारण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलेली बहुविध औषधयोजना आहेच. बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं त्या काळात ही दोन्ही हत्यारं अशी एकत्र हाताशी नव्हती. स्टेरॉइड इथे का चालतं आणि मज्जारज्जूत का नाही? कारण इथे तंतू तुटलेला नसतो, सुजेनं दाबलेला असतो. शत्रू ओळखीचा आहे आणि औषध नेमकं त्याच्यावर आहे.

४

वाचवण्याबरोबर वाढवण्याचीही एक कथा समांतर चालू होती. तिची नायिका रिता लेव्ही-मॉन्ताल्चिनी. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशकायद्यांनी या ज्यू तरुणीला विद्यापीठाबाहेर काढलं. तिनं तुरीनमधल्या घरी, निजण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम सुरू केलं. बॉम्बवर्षाव वाढला तेव्हा बिऱ्हाडाबरोबर तीही खेड्यात हलली. १९४७ मध्ये ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. उंदराची एक गाठ गर्भात बसवली की मज्जातंतू तिच्याकडे झेपावतात, हे तिथे तिच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये गाठी असलेले उंदीर बरोबर घेऊन ती रिओ द जानेरोला गेली आणि काचेच्या बशीत तिनं चेतापेशींच्या गोळ्याभोवती तंतूंची प्रभावळ फुटताना पाहिली. स्टॅन्ली कोहेन या रसायनशास्त्रज्ञानं त्यामागचं द्रव्य वेगळं केलं. सापाच्या विषात आणि उंदराच्या लाळग्रंथीत ते मुबलक सापडलं. नाव पडलं ‘मज्जातंतू-वाढ घटक’. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

वाढवणारं द्रव्य सापडलं, आता औषध दूर नाही असं सगळ्यांनाच वाटलं. पण शरीरात ते टोचलं की वेदना वाढत, कारण ज्या तंतूंना ते पोसतं त्यांत दुःख वाहून नेणारे तंतूही आहेत. मधुमेहानं पायांच्या नसा बधिर झालेल्या १,०१९ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २००० मध्ये आला, तो निराशेचा. अखेर याच घटकाचं औषध २०१७ मध्ये युरोपात आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं ते डोळ्यांत घालायचे थेंब म्हणून, बुबुळाच्या नसा निकामी होऊन व्रण पडतो त्या विकारावर. खोलीत मांडलेल्या अंड्यांपासून त्या थेंबांपर्यंत सत्तरहून अधिक वर्षं गेली.

दरम्यान तेयोची विसरलेली खूण पुन्हा सापडली होती. माँट्रिअलमध्ये आल्बर्ट आग्वायो आणि सहकाऱ्यांनी १९८० आणि १९८१ मध्ये उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूला जोडला. रज्जूतल्या पेशींचे तंतू त्या तुकड्यातून सुमारे तीन सेंटीमीटर वाढले. तुकडा संपून पुन्हा रज्जूत शिरायची वेळ आली की ते थांबत.

हा प्रयोग मी दादाला सांगितला तो त्याच्या कामाच्या टेबलापाशी. अपघातानंतर चार वर्षांनी त्यानं आंब्याची कलमं बांधायला सुरुवात केली. चाकाची खुर्ची खाली शिरेल इतक्या उंचीचं टेबल सुताराकडून करून घेतलं आणि पावसाळ्यात रोज शेकडो कोय कलमं तो बांधतो. ऐकून तो लगेच म्हणाला, “म्हणजे काडी मेलेली नव्हती. खुंट वाईट होता.” वर्गात हे समजावायला मला दोन तास लागत.

खुंट वाईट कशानं होता, ते झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी शोधलं. मेंदूतल्या आणि रज्जूतल्या तंतूंभोवतीच्या स्निग्ध वेष्टणात वाढ रोखणारं प्रथिन असतं. त्याला अडवणारं प्रतिपिंड दिलेल्या उंदरांच्या रज्जूत थोडे तंतू ७ ते ११ मिलिमीटर वाढले, असं १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. २००० साली या प्रथिनाचं जनुक सापडलं आणि ‘नोगो’ हे नाव रूढ झालं, म्हणजे ‘पुढे जाऊ नका’. पुढे जखमेच्या व्रणातलं वाढ रोखणारं जाळं विरघळवणारं एक विकर जिवाणूंत मिळालं. २००२ मध्ये त्यानं उंदरांच्या हालचाली सुधारल्या. २०१० मध्ये पेशीच्या आतला पीटीईएन हा लगाम काढला तर प्रौढ उंदरातही तंतू जोमानं वाढतात, हे दिसलं. मात्र तोच लगाम शरीराला कर्करोगापासूनही जपतो, त्यामुळे तो माणसात सरसकट काढता येत नाही.

नोगोविरोधी प्रतिपिंड माणसांपर्यंत पोचलं. मानेच्या ताज्या इजेच्या सव्वाशेच्या आसपास रुग्णांवर युरोपात चाचणी झाली. पाठीच्या कण्यातून औषध टोचलं जाई. २०२४ च्या अखेरीस निकाल आला: हातांच्या ताकदीच्या मुख्य कसोटीवर औषध आणि खोटं औषध यांत फरक नाही. ज्यांची इजा अपुरी होती, म्हणजे थोडे तंतू शाबूत होते, त्यांच्यात काही सुधारणा दिसली. ही ओळ वाचून मी हसलो. पुन्हा एक भाग वेगळा काढून पाहिला होता, पुन्हा एक रेघ. या वेळी संशोधक स्वतःच सांगत होते की याची खात्री नव्या चाचणीनंच होईल. तीस वर्षांत विज्ञान एवढं तरी शहाणं झालं आहे.

५

दादा आज तिसाहून अधिक वर्षं जगला आहे तो कशामुळे? त्याचं उत्तर औषधांच्या या यादीत नाही. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू तुटलेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानं मेले. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायचा नियम घातला. दिवसरात्र, न चुकता. मूत्राशयाची काळजी, प्रतिजैविकं, व्यायाम, काम आणि खेळ यांची जोड दिली. तिथल्या स्पर्धांतून पॅरालिम्पिक जन्मलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले सैनिक होते. गटमन यांचं नाव माझ्या वहिनीनं कधी ऐकलेलं नाही, पण पहिली दोन वर्षं गजराचं घड्याळ उशाशी घेऊन तिनं दर दोन तासांनी दादाची कूस बदलली.

एकदा मात्र आम्ही घसरलो होतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यानं मूलपेशींच्या इंजेक्शनांनी पाय हलतील असं सांगितलं. चार इंजेक्शनं, लाखांत खर्च. मी गावची बाग गहाण टाकायला निघालो होतो. दादानं डॉक्टरांना एकच विचारलं, “माझ्यासारख्या किती जणांना दिलंत आणि न दिलेल्या किती जणांशी ताडून पाहिलंत?” उत्तर मिळालं नाही, आम्ही परत आलो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. दादाच्या शंकेला नियमाचं रूप यायला काही वर्षं लागली.

गेल्या पावसाळ्यात कलमांच्या टेबलाशी बसून मी त्याला आठ तासांची सगळी हकीकत सांगितली. वजाबाकीही सांगितली आणि दाराचंही. तो पट्टी गुंडाळत ऐकत होता. मग म्हणाला, “हाडवैद्याला बोलवा, असं मीच सांगितलं होतं. शहरात नेलं की पाय कापतात, अशी धास्ती होती मला. तू नको म्हणत होतास. विसरलास?” मी खरंच विसरलो होतो. थोड्या वेळानं त्यानं नेहमीचं विचारलं, “मग, निघालं का औषध?”

“अजून नाही,” मी म्हटलं.

पूर्वी मी ‘नाही’ म्हणायचो. या सगळ्या वाचनानं त्यात ‘अजून’ एवढी भर घातली आहे. ती पोकळ नाही. तुटलेला तंतू वाढू शकतो, त्याला कोण अडवतं, काय पोसतं, हे आता कळलं आहे आणि १९१४ मध्ये ते कळलेलं नव्हतं. पण ‘अजून’ म्हणजे ‘उद्या’ही नव्हे. काहाल यांनी निर्णय आणि काम, दोन्ही एकाच जागी लिहून ठेवलं होतं. आपण आधी फक्त निर्णय वाचला, आणि आता बातम्यांतून फक्त आशा वाचतो. माझ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही वाचायला दिलं. जाताना एवढंच सांगितलं, की कुणी झाडावरून पडलं तर त्याला बसवू नका. फळी नसेल तर दार काढा.